रात्री दोनला कोण बघतंय?

ऑक्टोबर २०२३ मधली गोष्ट. दिवाळी जवळ आली होती. ठाण्यातली आमची छोटी कंपनी पंधरा-वीस साइट सांभाळते, त्यातली माझ्या वाट्याची सगळ्यात जिवंत साइट म्हणजे मराठी पुस्तकं विकणारी. दुकान जुनं, मालक सत्तरीकडे झुकलेले. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. दिवाळी अंकांची नोंदणी सुरू झाली की एरवी रमतगमत चालणाऱ्या त्या साइटवर महिनाभर झुंबड असते.

सर्व्हरवर सुरक्षेचे अपडेट कित्येक महिने साचले होते. झुंबड वाढायच्या आत ते उरकून टाकावेत म्हणून मी बेत आखला. रात्री दोनला ‘देखभालीसाठी साइट थोडा वेळ बंद आहे’ अशी पाटी लावायची, अपडेट चढवायचे, मशीन रीस्टार्ट करायचं आणि साडेतीनला झोपायचं. काकांना आदल्या दिवशी सांगितलं तर म्हणाले, "कर की. रात्री दोनला कोण बघतंय?" मलाही तसंच वाटत होतं.

मशीन रीस्टार्ट केलं. ते परत आलंच नाही.

कारण नंतर कळलं, आणि ते सांगायची अजून लाज वाटते. बॅकअपसाठी कधीतरी एक जादा डिस्क जोडली होती. ती काढूनही वर्ष झालं होतं. पण सुरू होताना कुठल्या डिस्क जोडून घ्यायच्या याची जी यादी मशीनमध्ये असते, एफएसटॅब म्हणतात तिला, तिच्यातली ओळ काढायची राहून गेली होती. मशीन चालू आहे तोवर ती यादी कुणी वाचत नाही. सहाशेच्या वर दिवसांनी पहिल्यांदा रीस्टार्ट झालं तेव्हा वाचली. नसलेल्या डिस्कची त्याने दीड मिनिट वाट पाहिली आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन पासवर्ड मागत बसलं. तो पासवर्ड मशीनच्या कन्सोलवरच, म्हणजे त्याच्या स्वतःच्या पडद्या-कीबोर्डवरच टाकावा लागतो, डोंबिवलीच्या घरातून एसएसएचने, म्हणजे नेटवरून लांबून शिरून, नाही. कन्सोलची सोय डेटा सेंटरकडून मागून घ्यावी लागायची, आणि ती देण्याचा अधिकार रात्रपाळीच्या माणसाला नव्हता. "मॅडम, सकाळची शिफ्ट येऊ दे," तो म्हणाला. बिचारा सभ्य होता.

दोन चाळीसला फोन. काका. "अगं, साइट बंद आहे का? न्यू जर्सीहून भाचीचा फोन आलाय. म्हणते, अंक मागवायला बसले तर पानच उघडत नाही."

आपल्याकडे रात्रीचे दोन चाळीस तेव्हा तिच्याकडे संध्याकाळचे पाच दहा. ऑफिसमधून निघता निघता ऑर्डर देऊन टाकायची वेळ. मी काकांना म्हटलं, पाटी लावलीय ना साइटवर. ते म्हणाले, "कसली पाटी? काहीच दिसत नाही म्हणते ती." आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. पाटी त्याच सर्व्हरवर होती. दुकान बंद असल्याची पाटी मी दुकानाच्या आत लावून शटर खाली ओढलं होतं.

साइट उघडली सकाळी अकरा वीसला. म्हणजे नऊ तास वीस मिनिटं. आमच्या सरांनी काकांशी केलेल्या करारात ‘साइट ९९.९ टक्के वेळ चालू राहील’ असं छापलंय. ऐकायला भारदस्त, पण गणित केलं तर वर्षाला पावणेनऊ तास बंद राहायची मुभा. ती मी एका रात्रीत संपवून वर अर्धा तास उधार घेतला होता. काकांनी करार काढून दाखवला नाही. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "पुढच्या वेळी सकाळी करता येईल का? म्हणजे निदान माणसं तरी जागी असतील."

हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं.

आठ महिन्यांनी पुन्हा तीच वेळ आली, आणि आता सुटका नव्हती. आमचा सर्व्हर सेंटओएस ७ या ऑपरेटिंग सिस्टीमवर होता, आणि त्याचा आधार ३० जून २०२४ ला संपणार होता. त्यानंतर सुरक्षेचा एकही अपडेट नाही. डेटाबेस मायएसक्यूएल ५.७, त्याची मुदत तर २०२३ च्या ऑक्टोबरमध्येच सरलेली. म्हणजे या वेळी नुसते अपडेट नव्हते, अख्खं बिऱ्हाड हलवायचं होतं. नवं मशीन, नवी ऑपरेटिंग सिस्टीम, नवा डेटाबेस. सरांनी नेहमीप्रमाणे शनिवारची रात्र सुचवली.

मी त्यांच्यासमोर लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, ठेवला, तासातासाची भेट देणाऱ्यांची आणि ऑर्डरींची बेरीज करून. दुपारी थोडी ओहोटी, रात्री दहाला भरती हे अपेक्षित होतं. पण मध्यरात्रीनंतर आलेख खाली येऊन तळाला टेकतच नव्हता. आपण झोपलो की आखाती देशांतली मंडळी जेवून मोबाईल हातात घेतात, ती झोपली की लंडनवाले, मग न्यू जर्सी, मग कॅलिफोर्निया. पुस्तकांच्या दुकानाला रात्र असते, साइटला नसते. रात्री दोनला झोपलेली असते ती आमचीच डोकी. शिवाय डेटा सेंटरमध्ये ज्याच्याकडे अधिकार असतो तोही.

सर म्हणाले, "मग भर दिवसा बंद ठेवायची?"

बंद ठेवायचीच नाही, मी म्हटलं. सर ठाण्याचे, लोकलने वाढलेले, म्हणून त्यांना मेगाब्लॉकच्या भाषेत सांगितलं. रविवारी माटुंगा ते मुलुंड मेगाब्लॉक असतो तेव्हा आपण ठाण्याला अडकून पडतो का? नाही. धीम्या गाड्या जलद मार्गावर वळवतात, पाच-दहा मिनिटं उशीर होतो, पण गाडी मिळते. आणि हार्बरला ब्लॉक असला की? गाड्या रद्द. कारण तिकडे वळवायला दुसरी लाईनच नाही. काम करणारी माणसं तीच, हत्यारं तीच. फरक आहे तो ट्रॅकच्या संख्येत. आपली साइट हार्बर लाईन आहे, सर. आधी तिला मेन लाईन करू, मग खुशाल दुपारी रूळ बदलू.

सरांनी दोन जादा मशीनचा खर्च मंजूर केला. हे वाक्य एका ओळीत लिहिलं, पण त्याला दोन आठवडे लागले.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, दोन मशीन घेतली, दोन्हींवर साइट चढवली, पुढे येणाऱ्यांना दोघांत वाटून देणारा लोड बॅलन्सर ठेवला की झालं. मलाही साधारण तसंच वाटत होतं. पण एकाच मशीनवर सहा वर्षं राहिलेली साइट म्हणजे एकाच खोलीत सहा वर्षं राहिलेलं कुटुंब. कुठली वस्तू कशावर टेकलीय हे हलवायला घेतल्याशिवाय कळत नाही.

पहिली सापडली पिशवी. म्हणजे साइटवरची खरेदीची पिशवी, कार्ट. ग्राहकाने कुठली पुस्तकं टाकलीत ते पीएचपी सेशनच्या, म्हणजे त्या भेटीची आठवण ठेवणाऱ्या, फायलीत, मशीनच्याच डिस्कवर लिहिलं जात होतं. आता पहिली विनंती एका मशीनकडे गेली आणि दुसरी दुसऱ्याकडे, की पिशवी रिकामी. चाचणीच्या वेळी माझ्या धाकट्या सहकाऱ्याने चार पुस्तकं टाकली, पान ताजं केलं, शून्य. पुन्हा ताजं केलं, चार. "ताई, जादू आहे," म्हणाला. एका ग्राहकाला कायम एकाच मशीनकडे पाठवायची सोय बॅलन्सरमध्ये असते. पण मग ते मशीन दुरुस्तीला काढलं की त्याच्याकडच्या सगळ्यांच्या पिशव्या जातात, आणि आम्हाला नेमकं तेच टाळायचं होतं. म्हणून सेशन उचलून रेडिस नावाच्या सामाईक साठ्यात ठेवले, दोन्ही मशीनना सारखे दिसतील असे.

मग मुखपृष्ठांच्या प्रतिमा, त्या काका स्वतः अपलोड करतात. मग एसएसएलचं, म्हणजे साइटशी सुरक्षित जोडणीचं, प्रमाणपत्र. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं प्रमाणपत्र तेव्हा ९० दिवसांचं असायचं. नूतनीकरणाच्या वेळी तपासणीची फाईल एका मशीनवर बनायची आणि तपासणारा दुसऱ्या मशीनवर जाऊन ‘नाही सापडली’ म्हणायचा. ते काम सरळ बॅलन्सरवरच नेलं. आणि मग क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम. रोज रात्री ‘आपली पुस्तकं रवाना झाली’ असा मेल पाठवणारा एक क्रॉन होता. दोन्ही मशीन एकमेकांच्या हुबेहूब नकला, त्यामुळे क्रॉनही दोन. एका रात्री सगळ्यांना दोन-दोन मेल गेले. सकाळी काका: "अगं, एक बाई विचारतायत, दोन प्रती पाठवल्यात का? एक परत करू म्हणतात." निदान ग्राहक प्रामाणिक आहेत हे कळलं.

बॅलन्सर म्हणून एचएप्रॉक्सी घेतला. आधी जुन्याच सर्व्हरच्या पुढे तो बसवायचा, जगाची रहदारी त्याच्याकडे वळवायची, आणि मग त्याच्या मागे हवी ती हलवाहलव करायची. हा क्रम महत्त्वाचा होता. दार एकदा बदललं की आतलं फर्निचर बदलताना पाहुण्यांना कळत नाही.

दार बदलायचं म्हणजे डीएनएस. साइटचं नाव कुठल्या आयपीवर, म्हणजे आकडी पत्त्यावर, जातं हे जगभरचे डीएनएस सर्व्हर लक्षात ठेवतात, किती सेकंद ठेवायचं ते टीटीएल सांगतो. आमचा टीटीएल होता ८६४००, म्हणजे अख्खा दिवस. तो आधी ३०० वर आणला, पाच मिनिटांवर, आणि पूर्ण दिवस थांबून मग पत्ता बदलला. टीटीएल आणि पत्ता एकाच वेळी बदलून काही उपयोग नसतो, कारण जुना टीटीएल घेऊन बसलेल्यांना नवा टीटीएल कळायलाच दिवस लागतो. हे मला ठाऊक होतं. जे ठाऊक नव्हतं ते असं की काही जण टीटीएल मानतच नाहीत. चार दिवसांनीही जुन्या पत्त्यावर तुरळक विनंत्या येतच होत्या. त्यांच्यावर दार आपटायला नको म्हणून जुना आयपी चालूच ठेवला.

दार बदलल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी साइट बंद पडली. सगळं ठीक दिसत होतं, सर्व्हर चालू, डेटाबेस चालू, बॅलन्सर चालू, आणि साइट बंद. सात मिनिटं आम्ही वेड्यासारखे लॉग चाळत होतो. गुन्हेगार निघाला फेलटूबॅन. चुकीचे पासवर्ड टाकून घुसायला बघणाऱ्यांचा आयपी काही वेळ अडवून धरणारा आमचा इमानी रखवालदार. बॅलन्सर मध्ये आल्यापासून जुन्या सर्व्हरला सगळं जग एकाच पत्त्यावरून, बॅलन्सरच्या पत्त्यावरून, येताना दिसत होतं. कुणीतरी पाच वेळा चुकीचा पासवर्ड टाकला आणि रखवालदाराने अख्ख्या जगाला बंदी घातली. खऱ्या ग्राहकाचा आयपी बॅलन्सर एका जादा हेडरमध्ये पाठवतो, तो वाचायला सर्व्हरला शिकवावं लागतं. शिकवलं. पण ती सात मिनिटं माझ्या खात्यावर लागली.

तब्येतीच्या तपासणीवरही आमचा वाद झाला. मागचं मशीन जिवंत आहे का हे एचएप्रॉक्सी दर दोन सेकंदांनी विचारतो. तीनदा उत्तर आलं नाही की त्याला रांगेतून काढतो, दोनदा नीट आलं की परत घेतो. प्रश्न हा की विचारायचं काय? आधी तो एक साधं पान मागत होता. डेटाबेसशी संपर्क तुटला तरी ते पान छान उघडायचं, आणि बॅलन्सर ग्राहकांना आनंदाने मेलेल्या मशीनकडे धाडत राहायचा. म्हणून मी तपासणीचं पान डेटाबेसलाही विचारेल असं केलं. तेव्हा सहकारी म्हणाला, "ताई, डेटाबेस दहा सेकंद मंदावला तर दोन्ही मशीन एकदम आजारी ठरतील, मग पाठवायचं कुणाकडे?" बरोबर होतं पोराचं. शेवटी डेटाबेस मंद असेल तर ‘मंद आहे पण जिवंत आहे’ असं उत्तर देणारं पान केलं, आणि खरोखरच कुणीच उरलं नाही तर बॅलन्सरने स्वतःच पाटी दाखवायची. ही पाटी आता दुकानाच्या बाहेर आहे. शिवाय ती ‘सध्या बंद आहे’ सांगणारा ५०३ हा कोड आणि ‘अमुक वेळाने परत या’ हा निरोप घेऊन जाते. आमची जुनी पाटी २०० कोडने, म्हणजे ‘सगळं उत्तम आहे’ असं सांगत जायची. त्यामुळे एकदा गूगलने तीच साइटचा मजकूर म्हणून उचलली होती. दोन दिवस शोधात काकांच्या दुकानाच्या नावाखाली ‘थोड्या वेळात परत येत आहोत’ एवढंच दिसत होतं.

मशीन रांगेतून बाहेर काढायची रीत मला सगळ्यात आवडली. ड्रेन म्हणतात. नवीन ग्राहक तिकडे पाठवायचे नाहीत, आत असलेल्यांना त्यांचं काम उरकू द्यायचं. दुकान वाढवताना आपण अर्धं शटर ओढतो ना, तसं. आतली शेवटची विनंती संपली की मशीन मोकळं. मग त्याला रीस्टार्ट करा, डिस्क बदला, एफएसटॅबमधल्या ओळी शांतपणे वाचत बसा.

राहिला डेटाबेस. साइटची मशीन कितीही करता येतात, पण ऑर्डर शेवटी एकाच ठिकाणी लिहिली गेली पाहिजे. नाहीतर एकच शेवटची प्रत दोघांना विकली जाते. इथे आम्ही प्रतिकृतीचा मार्ग घेतला. नव्या मशीनवर मायएसक्यूएल ८.० उभा केला, त्याला जुन्याचा शागीर्द केला. जुन्यात जे लिहिलं जाईल ते नवा मागोमाग उतरवून घेणार. तो पूर्ण जवळ आला की जुन्याचं लिहिणं क्षणभर थांबवायचं, शेवटची ओळ पोचू द्यायची, आणि गादी बदलायची. मेख एकच. ५.७ च्या मागे ८.० चालतो, पण ८.० च्या मागे ५.७ चालत नाही. गादी बदलून नव्या ऑर्डरी आल्या की परतीचा रस्ता बंद.

म्हणून रंगीत तालीम. एक नव्हे, तीन.

पहिल्या तालमीत नवा डेटाबेस सुरूच होईना. जुन्या कॉन्फिगमध्ये, म्हणजे सेटिंगच्या फाईलमध्ये, क्वेरी कॅशची (आधी दिलेली उत्तरं साठवून ठेवायच्या सोयीची) ओळ होती, ८.० मध्ये ती सोयच काढून टाकलीय, आणि अनोळखी ओळ दिसली की तो जागेवरून हलत नाही. ती काढली. मग ‘या आठवड्यात सर्वाधिक खपलेली’ हा तक्ता कोरा. त्यातल्या रकान्याचं नाव रँक, आणि ८.० मध्ये रँक हा राखीव शब्द झाला आहे. डेटाबेसला विचारायच्या तीन प्रश्नांमध्ये, क्वेऱ्यांमध्ये, तो शब्द उलट्या अवतरणचिन्हांत घालून सोडवलं.

आणि मग पुस्तकांची नावं बघितली आणि पोटात गोळा आला. एकही मराठी अक्षर नाही. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, मग कसलंसं चलनाचं चिन्ह, पुन्हा तो ए, पुन्हा ते चिन्ह. पानभर. अकरा हजार पुस्तकांची नावं, लेखक, काकांनी हौसेने लिहिलेले परिचय, सगळ्याची अशी रांगोळी.

ज्यांनी जुन्या मराठी साइट सांभाळल्यात त्यांना ही रांगोळी ओळखीची असेल. घडलं होतं ते असं. सहा वर्षांपूर्वी ज्याने साइट बनवली त्याने तक्त्यांची वर्णसंच-सेटिंग, म्हणजे अक्षरं कुठल्या पद्धतीने साठवायची ते, कधी बघितलीच नाही, आणि ५.७ मध्ये काही न सांगितल्यास ती लॅटिन-१, म्हणजे रोमन अक्षरांसाठीची, असते. देवनागरीचं प्रत्येक अक्षर यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिप्या सामावणाऱ्या पद्धतीत, तीन बाइटचं. साइट ते तीन बाइट पाठवायची, डेटाबेस त्यांना तीन लॅटिन अक्षरं समजून ठेवून घ्यायचा आणि मागितल्यावर जसेच्या तसे परत द्यायचा. दोघांचीही समजूत चुकीची, पण चूक एकसारखी, म्हणून सहा वर्षं कुणाला काही कळलं नाही. ८.० मध्ये न सांगता मिळणारी सेटिंग यूटीएफ-८ ची. आता डेटाबेस त्या तीन ‘लॅटिन’ अक्षरांचं प्रामाणिकपणे यूटीएफ-८ मध्ये भाषांतर करून पाठवत होता. तो आता बरोबर वागत होता, म्हणून बिघडलं होतं.

सहकाऱ्याला ते तिथल्या तिथे नीट करायची घाई झाली. सगळे रकाने बदलून टाकू म्हणाला. मी नको म्हटलं, आणि या सगळ्या प्रकरणात मी घेतलेला सगळ्यात शहाणा निर्णय हाच असं अजून वाटतं. एका दिवशी एकच गोष्ट बदलायची. नव्या जोडणीला स्पष्ट सांगितलं की तूही लॅटिन-१ च समज. चूक होती तशी, दोन्ही बाजूंनी सारखी, नव्या घरात नेली. रकाने ऑगस्टमध्ये सावकाश बदलले.

दुसऱ्या तालमीत जुना डेटाबेस ‘फक्त वाचन’ वर टाकला आणि तरीही एक ऑर्डर आत शिरली. दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. कारण सापडलं तेव्हा सहा वर्षांपूर्वीच्या त्या माणसाची पुन्हा आठवण काढली. साइट डेटाबेसमध्ये रूट, म्हणजे सर्वाधिकारी, म्हणून शिरत होती, आणि ‘फक्त वाचन’ हा नियम सर्वाधिकारी माणसाला लागू होत नाही. त्यासाठी वेगळा, वरच्या दर्जाचा ‘फक्त वाचन’ असतो. त्या दिवशी हे कळलं नसतं तर गादी बदलताना आलेल्या ऑर्डरी जुन्या डेटाबेसमध्येच राहिल्या असत्या आणि पैसे मात्र घेतले गेले असते. तिसरी तालीम नीट पार पडली. कंटाळवाणी होती, आणि तालीम अशीच हवी.

२५ जून २०२४, मंगळवार, सकाळी अकरा. अंगारकी. सहकाऱ्याचा उपास, डब्यात साबुदाण्याची खिचडी. "दिवस चांगला आहे, ताई," तो म्हणाला. मी दिवस निवडला होता तो डेटा सेंटरची दिवसपाळी, आमचे सर आणि पेमेंट गेटवेचा मदत क्रमांक हे तिघं एकाच वेळी जागे असतात म्हणून. पण त्याला तसं म्हटलं नाही.

पावणेअकराला ‘पैसे भरा’ हे बटण थांबवलं. पुस्तकं दिसत होती, शोधता येत होती, पिशवीत टाकता येत होती. फक्त शेवटच्या पायरीवर ‘दहा-पंधरा मिनिटांत सुरू होईल, पिशवी सांभाळून ठेवली आहे’ असं लिहिलेलं. बटण गादी बदलण्याच्या क्षणी बंद करून भागत नाही, कारण यूपीआयच्या पानावर गेलेला माणूस तिथे किती वेळ रेंगाळेल याचा नेम नाही. पैसे गेले आणि ऑर्डर नोंदली नाही, याच्याइतकं वाईट काही नाही. त्यापेक्षा साइट बंद परवडली. वीस मिनिटं थांबलो. तेव्हा पैशाच्या पानावर दोन जण होते. एकाचं लगेच झालं. दुसऱ्याने बहुधा चष्मा शोधला असावा.

अकरा पाचला दोघंही मोकळे झाले. नियम असा केला होता की मी कमांड मोठ्याने वाचायची, सहकाऱ्याने कागदावरच्या यादीशी ताडून ‘हो’ म्हणायचं, मगच एंटर. पोरकट वाटतं, पण हात थरथरत असताना कामाला येतं. जुना डेटाबेस फक्त-वाचन, वरच्या दर्जाचा. नवा किती सेकंद मागे? चार. एक. शून्य. दोन्हीकडच्या शेवटच्या ऑर्डरचा क्रमांक सारखा. नव्याची शागिर्दी संपवली, लिहायला मुभा दिली. साइटची मशीन डेटाबेसला एका मधल्या पत्त्याने ओळखत होती, तो पत्ता फिरवला. बटण सुरू.

लिहिणं थांबलेलं होतं ते सगळं मिळून पन्नास सेकंद. वाचणं एक क्षणही थांबलं नाही.

पहिली ऑर्डर अकरा बाराला आली. नाव मराठीत, नीट, रांगोळीविना. सहकाऱ्याने डबा उघडला. पुढचे दोन तास प्रत्येक ऑर्डर साध्या मजकुराच्या फाईलमध्येही लिहून घेत होतो. परत फिरायची वेळ आलीच तर जुन्या डेटाबेसमध्ये हाताने भरता याव्यात म्हणून. ती फाईल कधी उघडावी लागली नाही.

जुना सर्व्हर मात्र लगेच बंद केला नाही. जुन्या पत्त्यावर कुणी आलंच तर त्याला नव्याकडे पोचवायचं, एवढंच काम त्याला ठेवलं. दिवसागणिक विनंत्या कमी होत गेल्या. जुलै उजाडला तेव्हा उरला एकच पाहुणा. दर दहा मिनिटांनी येणारा, नाव न विचारता थेट आयपीवर येणारा, एचटीटीपीएसची सुरक्षित जोडणीसुद्धा नाही. हा नक्की कुणाचा तरी बॉट, असं आम्ही दोघांनी एकमताने ठरवलं. नवव्या दिवशी जुनं मशीन बंद केलं. सरांना तसा मेलही टाकला: स्थलांतर पूर्ण, ग्राहकांना झळ शून्य.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला काकांचा फोन.

"अगं, साइट चालू आहे ना?"

चालू आहे, काका. काय झालं?

"काल संध्याकाळी काउंटरवर एक पुस्तक विकलं, शेवटची प्रत. साइटवर अजून एक शिल्लक दाखवतंय. बिलाचा कॉम्प्युटर साइटला सांगतो ना किती उरली ते? सहा वर्षं सांगतोय बिचारा."

मी जुन्या मशीनच्या शेवटच्या लॉगमधला तो दर दहा मिनिटांचा आयपी काढला आणि काकांना विचारलं, दुकानातल्या इंटरनेटचा पत्ता काय आहे, जरा पोराला सांगून बघता का?